वकीलसाहेबांची गादी

आमच्या घरात मेलेल्या माणसाचं मत विचारात घ्यायची पद्धत होती. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे.

ते गृहस्थ म्हणजे माझे खापरपणजोबा. घरात सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. कोर्टकचेरीतले वकील नव्हेत. निजामाच्या दरबाराकडून इंग्रज रेसिडेंटाशी बोलणी करायला जाणारे वकील. जहागीर होती, पालखी होती, आणि जीभ अशी की म्हणे दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर खूश असायचे. मला या कौतुकाचा राग यायचा. सगळ्या जगाला खूश ठेवणाऱ्या माणसाच्या घरातल्यांचं काय होत असेल, असं मी विचारायचे, आणि त्याचं उत्तर आत्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी दरबारात काय बोलायचं याचा सराव ते घरी दार लावून करत. बाहेर मुलांना आत दोन माणसं भांडताना ऐकू यायची, एक दरडावणारा आणि एक समजावणारा. दार उघडलं की एकटे वकीलसाहेबच बाहेर यायचे. ते पगडी काढून खुंटीला अडकवेपर्यंत त्यांची बायको त्यांच्याशी अवाक्षर बोलत नसे. घरात नेमकं कोण आलंय, ते तोवर तिला कळत नसे म्हणे.

उतारवयात त्यांना बोलण्याचाच वीट आला. वकिली सोडून त्यांनी जालन्यात कापसाचं जीन, म्हणजे सरकी वेगळी करायचा कारखाना, काढलं. यंत्रं आणि बॉयलर विलायतेहून बोटीनं आले. रेल्वे तेव्हा जालन्याला यायची होती, त्यामुळे शेवटची वाट बैलांनी ओढली. जीनच्या आवारातच त्यांनी राहायला बंगला बांधला. त्याच बंगल्यात मी वाढले, आणि अजूनही तिथेच राहते. जीन माझ्या लहानपणीच बंद पडलं. तरी वारा नसताना कधी कधी आढ्यातून रुईची पुंजकी खाली येतात. इतक्या वर्षांनी कुठून येतात ते कुणी विचारत नाही. आम्ही झाडून घेतो.

तर ती पद्धत अशी. घरात सोयरीक, वाटणी, जमिनीचा व्यवहार, काहीही ठरवायचं असलं की पुढच्या खोलीत बैठक घालायची. मधली गादी वकीलसाहेबांची. तिच्यावर तक्क्या, समोर पाण्याचा पेला. परक्या दरबारात ते पाणी मागवून घेत, हातात धरून बसत, पण पीत नसत, विषाची भीती. बोलणी संपली की वडीलधाऱ्यांनी विचारायचं, "वकीलसाहेब काही बोलले का?" सगळे क्षणभर गप्प. मग म्हणायचं, "न्हाई बोलले, म्हणजे मंजूर." पाणी दाराबाहेर ओतून टाकायचं. पेल्यातलं पाणी दर वेळी थोडं कमी झालेलं असायचं. काका म्हणायचे, जालन्याचा उन्हाळा आहे, वाफ होते. बैठक पौषात असली तरी ते हेच म्हणायचे.

त्या गादीवर बसायचं नाही, हा मात्र कडक नियम. वकील दरबारात बसला की तो तो नसतो, ज्यानं पाठवलं तो धनी बसलेला असतो, असं वकीलसाहेब सांगत. तेच घरच्यांनी धरून ठेवलं होतं. गादीवर जो बसेल तो वकीलसाहेब, आणि तो म्हणेल ते शेवटचं. चार पिढ्यांत कुणाची हिंमत झाली नव्हती.

वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि काकांनी बैठक बोलावली. आवार एका प्लॉट पाडणाऱ्या बिल्डरला द्यायचं आणि आईला संभाजीनगरला त्यांच्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आई आदल्या दिवशी माझ्याजवळ आली. ती भोकरदनकडची, बोलणं मोजकं. माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, "मला हितून हलवू देऊ नको गं. तुझ्या बापाचं सगळं हितंच हाय. तिकडं चौथ्या मजल्यावर मी कुणाशी बोलू?" मी म्हणाले, आई, तुला कुणी हलवणार नाही. मी शाळेत शिकवत होते, पगार मिळवत होते, आणि मला वाटत होतं एवढं पुरेसं आहे.

बैठकीला काका होते, आत्या होती, आणि टोपी घालून बसलेले चुलत आजोबा. मी आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. काका दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. लिफ्ट हाय, नळाला चोवीस तास पाणी हाय. आम्ही तुमच्या भल्याचंच करून राह्यलो." आई पदराचं टोक चुरगाळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. चुलत आजोबा खाकरले आणि म्हणाले, "मंग, वकीलसाहेब काही बोलले का?"

माझं डोकं फिरलं. आता क्षणभर सगळे गप्प बसणार, आणि त्या गप्प बसण्यावर माझ्या आईचं घर जाणार! मी तरातरा आत गेले. मला बोलायचं होतं, उभं राहून बोलले असते तर पोरीचं आकांडतांडव म्हणून सोडून दिलं असतं, आणि बसायला जागा एकच रिकामी होती. मी बसले.

गादी उबदार होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी होती.

एक घोट घ्यावा म्हणून मी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला आणि मला तो पिता येईना. काका, तुम्हाला जनाची नाही तर मनाची तरी, असं काहीतरी मी म्हणणार होते; सकाळपासून घोकून ठेवलं होतं. त्यातला एकही शब्द आला नाही. पेला तळहातावर तसाच धरून मी अगदी हळू म्हणाले, "या जागेवरचं माणूस हलणार नाही. हे आम्हाला मंजूर नाही."

आवाज माझाच होता. पण मी आयुष्यात इतकं हळू बोललेले नाही, आणि स्वतःला 'आम्ही' तर कधीच म्हटलेलं नाही.

काका उठले. त्यांचे हात जोडलेले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. "जी," एवढंच म्हणाले. आत्या उठली. चुलत आजोबा भिंतीला धरून उठले. मग कुणी हलेचना. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, मी उठायची वाट बघतायत. मला हसू आलं, आणि मी झटकन उठले.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. "आई, राहिलं की गं आपलं घर!" आई चुलत सासऱ्यांसमोर उभी राहायची तशी उभी होती, डोक्यावर पदर, नजर खाली. म्हणाली, "पान वाढू का जी?"

मला वाटलं चेष्टा करतेय. संध्याकाळी पाहिलं तर माझं अंथरूण तिनं आमच्या खोलीतून उचलून पुढच्या खोलीत घातलेलं होतं.

मी रागावले, रडले, तिला धरून गदागदा हलवलं. आई, मी आहे, मी! ती मान हलवायची, "व्हय जी," म्हणायची आणि माझ्या हातातून अलगद सुटून जायची. एकदा मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तर तिनं घाबरून पाय ओढून घेतले. गादी मी एकदा उचलून अंगणात फेकली. तिनं ती झटकून परत जागेवर आणली. बैठकीच्या दिवसापासून तिनं माझ्या केसांना तेल लावलं नाही. काही ठरवायचं असलं की काकाही मला फोन करून विचारतात, आणि मी जे म्हणते ते होतं. शाळेतल्या बायका म्हणायच्या, तुझं घरात काय वजन आहे गं! मी काय सांगणार? मला माझी आई हवी होती. ती माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला मिळत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. ताप उतरला पण शक्ती राहिली नाही. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं चाचपडत पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "एक मागणं हाय जी. आपण मोठमोठ्या लोकांची बोलणी केली. तुटलेलं जोडून दिलं. माझी पोरगी गेल्ती त्या दिवशी आत, बैठकीत. परत आलीच न्हाई. तेवढी मला आणून द्या."

मी तिच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवून म्हणाले, "आज पाठवतो." तिनं समाधानानं डोळे मिटले.

मी बाहेर गेले. कपाटातून जुना पंजाबी ड्रेस काढला, तो दंडात घट्ट होत होता. केसांची वेणी घातली. फाटकापर्यंत जाऊन परत आले, शाळेतून यायचे तशी, चपला दारात भिरकावल्या आणि ओरडले, "आई गं, आले मी! भूक लागलीय!"

आईनं डोळे उघडले. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटलं. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पदर सावरला, आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहिली.

"न्हाई आली का ती?"

मीही वळून दाराकडे पाहिलं.