लिफ्टच्या ठरावाला अनुमोदक

सोसायटीत सरकारी प्रशासक येतो तो जावयासारखा नव्हे, जप्तीवाल्यासारखा. निवृत्तीनंतर हेच काम करत असल्याने मला त्याची सवय होती. या सोसायटीत मात्र पाण्याचा पेला पुढे आला, तो सिस्टरकडून.

सिस्टर म्हणजे तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. अख्ख्या इमारतीला इंजेक्शनं टोचलेली बाई, पण स्वतः एकटी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. जिवाभावाच्या म्हणाव्यात अशा एकच, चौथ्या मजल्यावरच्या ताई. संध्याकाळी दोघी अंगणातल्या बाकावर बसून सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. मग लिफ्ट बंद पडली आणि ताई गुडघ्यांपायी वरच अडकल्या.

सेक्रेटरी ताईंचाच मुलगा. "बघू, करू" म्हणत त्याने वर्षं घालवली. ना सभा, ना निवडणूक. शेवटी सिस्टरने सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार केली. चौकशी झाली, कमिटी बरखास्त झाली, मी आलो. अख्खी इमारत सिस्टरवर रुसली, ताईंनी तर बोलणंच टाकलं. "माझ्या लेकाचं नाक कापलंस," एवढंच दाराआडून ऐकू आलं.

"ताईंसाठीच केलं हो," सिस्टर मला म्हणाल्या. "करायला गेले काय आणि झालं काय!"

लिफ्टसाठी मी सभा बोलावली. अंगणात खुर्च्या मांडल्या. आल्या फक्त सिस्टर, इस्त्रीचे कपडे घालून. बाकीच्यांची डोकी खिडक्यांत. पुरेसे सभासद नसले तर अर्धा तास थांबायचं आणि मग असतील तेवढ्यांवर सभा चालवायची, असा नियम. तो अर्धा तास आम्ही दोघं रिकाम्या खुर्च्या बघत बसलो. मला सिस्टरची कणव आली आणि वरच्या डोक्यांचा संताप.

"लिफ्ट दुरुस्त करावी," सिस्टरने ठराव मांडला.

"अनुमोदक?" मी खुर्च्यांना विचारलं. दुसऱ्या सभासदाने दुजोरा दिल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही.

चौथ्या मजल्यावरून आवाज आला, "माझं अनुमोदन!" ताई होत्या. घर त्यांच्याच नावावर होतं.

"सभेला हजर असावं लागतं," सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"मग काय उडी मारू?"

जन्मात पहिल्यांदा मी नियम वाकवला. खिडकी अंगणावर उघडते, सबब सभासद हजर, असं लिहून टाकलं.

"ताई!" सिस्टरने वर पाहून हाक मारली. खिडकी धाडकन लागली.

लिफ्ट सुरू झाल्यावर मी एका संध्याकाळी शेवटची चक्कर मारली. सिस्टर बाकाच्या एका कडेला बसल्या होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. लिफ्टमधून ताई काठी टेकत बाहेर आल्या, बाकासमोरून तशाच पुढे गेल्या आणि फाटकापाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

सिस्टरचे डोळे भरून आले. "डावा पाय अजून ओढतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण खाली आल्या."

मी उभाच राहिलो. बाकावरची ती जागा माझी नव्हती.