ताईला परत आणायला काढलेल्या छोट्या गाड्या

या सहलीमागे माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगून टाकतो. ताई, माझी थोरली बहीण, कितीतरी वर्षं न्यू जर्सीत आहे. यंदा ती सुट्टीवर आली तेव्हा तिच्या कंपनीनं तिला विचारलं होतं, पुण्याच्या ऑफिसात कायमची जाणार का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ते ऑफिस हडपसरलाच, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. आई-बाबा गेल्यापासून मला ‘बाबू’ म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि मी जागा असतो तेव्हा ते झोपलेलं असतं. ताई परत यावी, एवढंच मला हवं होतं.

आम्ही मूळचे अचलपूरचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आम्हा दोघांना नॅरोगेजच्या छोट्या गाडीत बसवून द्यायची आणि मामा अंजनगावला उतरवून घ्यायचा. ती गाडी आता बंद पडलीय, पण तिची भावंडं अजून इकडेतिकडे आहेत. ती दाखवली की ताईचं मन विरघळेल, असा माझा बेत. आठवडाभराची रजा टाकली. मॅनेजरनं कारण विचारलं तर म्हटलं, ‘कौटुंबिक.’

सुरुवात पुण्यातूनच. कर्वेनगरच्या बाजूला चिमुकल्या रेल्वेचं संग्रहालय आहे. आठवड्याच्या मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी शाळकरी पोरं पुढं उभी राहतात आणि आपल्याला त्यांच्या टोप्या तेवढ्या दिसतात. एका मोठ्या टेबलावर अख्खं गाव, त्यात सिग्नल, बोगदे, गाड्या. एक गाडी फलाटावर बरोब्बर येऊन थांबली तशी ताई म्हणाली, “किती वेळेवर!” शेजारी उभे असलेले कसबा पेठेतले एक आजोबा तिच्याकडे न बघता म्हणाले, “अहो, खेळण्यातली आहे, म्हणून.” ताई खळखळून हसली. मला वाटलं, पहिला डाव आपला.

दुसऱ्या दिवशी माथेरान. पहाटे निघून एक्स्प्रेसवेनं खोपोलीला उतरायचं, तिथून कर्जतवरून नेरळ. रस्ता बरा आहे, कर्जतच्या पुढं खड्ड्यांची तयारी ठेवा. नेरळहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट महाग नाही, पण जागा थोड्या, तेव्हा झोपेचा मोह सोडून खिडकीवर लवकर उभं राहावं. पावसाळ्यात गाडी बंद असते, आधी चौकशी करा. आम्हाला समोरासमोर नाही, शेजारी जागा मिळाली. मी सवयीनं खिडकी धरली. गाडी वळणावळणानं चढायला लागली, खाली दरी उघडली, माकडं डब्याबरोबर पळू लागली. मी एकेक दाखवत होतो. “बघ, अगदी आपल्या गाडीसारखाच हेलकावा! आठवतं, नदीचा पूल आला की सगळे गप्प व्हायचे?” ताई “हं” म्हणायची. बाहेर कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. फोनकडेही. मी जरा हिरमुसलो. वर चिक्की घेतली, लाल मातीतून खूप चाललो, ती कामाविषयी बोलत राहिली. इतकं छान बोलते ती कामाविषयी, हे मला ठाऊकच नव्हतं.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं नागपूर. सकाळी तर्रीपोहे खाल्ले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं. नॅरोगेजचं संग्रहालय मोतीबागेत आहे, रिक्षावाल्याला ‘रेल्वे म्युझियम’ म्हटलं की पुरतं. बागेत छोटी इंजिनं उभी आहेत, सावलीला बाकं आहेत, डबा आणून खाल्लात तर दुपार छान जाते. एका जुन्या डब्याशी मी घुटमळत होतो. पहारेकरी म्हणाले, “बसा नं. कोन अडवून रायलं तुमाले?”

आत लाकडी बाकं, खिडक्यांना गज नाहीत. अगदी आमचा डबा! मी खिडकीशी बसलो, बाहेर वाकलो आणि सुरूच झालो. चिंचेची झाडं, पुलाखालची नदी, गाडी इतकी हळू की माणसं उतरून बोरं वेचून परत चढायची. तेवढ्यात मानेशी काहीतरी आवळलं. ताईनं मागून माझी कॉलर मुठीत धरली होती.

तिचं तिलाच कळलं नव्हतं. दचकून तिनं हात सोडला.

“आई फलाटावरून काय ओरडायची, आठवतं?” ती म्हणाली. “‘बाबूले सोडू नोको!’ मी अकराची, तू पाचाचा, कमरेपर्यंत बाहेर. मी ना नदी पाहिली, ना चिंचा. मले त्या गाडीतली तुझी कॉलर तेवढी आठवते.”

“मग सांगायचंस ना, ताई.”

“कुणाला?”

तिनं माझी कॉलर नीट केली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तिकडं एकटी आहे मी, बाबू. सणावारी फार वाईट वाटतं. पण हात मोकळे असतात.”

सतत जिच्या गोष्टी सांगत होतो त्या गाडीत ताई माझ्याबरोबर होती, पण प्रवास मी एकट्यानंच केला होता.

अचलपूर मी शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून राखून ठेवलं होतं. आता जायची इच्छा नव्हती. तीच म्हणाली, “चल, मला दाखव.” अमरावतीवरून गाडी करून परतवाड्याला, म्हणजे अचलपूरच्या जुळ्या गावी गेलो. स्टेशनात रूळ गवतात बुडालेत, फलाटावर शेळ्या. एक म्हातारबुवा म्हणाले, “गाडी कवाचीच बंद हाय, बाप्पा. कोनाची वाट पाहून रायले?” आम्ही रुळांवरून चालत गावाबाहेर गेलो. ताई एकेका झाडापाशी थांबून विचारायची, “हे होतं तेव्हा?” मी सांगायचो. एक चिंच तिनं उचलून खाल्ली आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं. सहलीतला हा सगळ्यात सुंदर तास होता आणि माझा बेत पार फसला आहे हे मला तेव्हा नीट कळत होतं.

सोमवारी सकाळी हडपसरला पोचलो. चहा होईपर्यंत ताईनं लॅपटॉप उघडला, उत्तर लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. “तू वाचल्याशिवाय पाठवत नाही.” नम्र, दोन ओळींचा नकार होता. मी ‘थांब’ म्हटलं असतं तर ती थांबली असती. लहानपणापासून ती माझ्यासाठी थांबतच आलीय.

“पाठव,” मी म्हटलं.

ती गेल्याला महिना होत आला. चूक केली असं वाटत नाही. पण संध्याकाळी ऑफिस सुटलं, की तिच्या त्या ऑफिसावरून रिक्षा जाते, आणि मला ताई इथं हवी असते.