गजराला चावी कोण देणार?

घानातल्या कुमासीच्या विद्यापीठात वीज गेली की पदार्थविज्ञान विभागात एकतीस वर्षं एकच बाई धावायची, आंटी सेर्वा. जनरेटर चालू करायचा, शीतपेटी जपायची, हे तिचं काम. पेटीत डॉ. ओबेंगचे सात वर्षांचे नमुने होते. विद्यार्थी असताना हाच ओबेंग तिच्या डब्यातली भाजकी केळी नि शेंगदाणे हक्काने खायचा. विभागप्रमुख झाल्यावर त्याने आपोआप चालणारा स्विच बसवला आणि तिला पत्र दिलं: शुक्रवारनंतर तुमची गरज नाही. खाल्ल्या घराचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी दुपारी त्याचं व्याख्यान होतं. किल्ल्या परत करायला आलेली सेर्वा मागच्या बाकावर बसली. गडी भलताच रंगात आला होता. सगळे तारे विझतील, विश्व थंडगार पडेल, तरी बुद्धिमान जीव तगतील म्हणे. ते सावकाश विचार करतील, युगानुयुगं झोपतील, घटकाभर जागे होऊन पुन्हा झोपतील. जितकी झोप लांब तितकी ऊर्जा शिल्लक.

"पण त्यांना उठवणार कोण?" सेर्वाने विचारलं.

"गजर, आंटी." त्याने फळ्यावर लिहिलं: गजराचा खर्च शून्य.

"तो काही खात नाही? झिजत नाही?"

"तेवढं धरायचं नसतं, आंटी."

पोरं हसली. सेर्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात पंखे थांबले. सगळे जनरेटरच्या आवाजाची वाट बघत बसले. पाव तास झाला तरी स्विच ढिम्म. ओबेंग मागच्या बाकापाशी आला.

"आंटी, बघता का जरा?"

"त्या स्विचला स्वतःची बॅटरी असते. ती कुणीतरी बघावी लागते. सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, आपोआप आहे."

"सात वर्षांचं काम आहे हो माझं."

"तुझं सात. माझं एकतीस."

तरी ती गेली, कारण नमुने काही तिचे वैरी नव्हते. जनरेटर धडधडला, पंखे फिरू लागले. परतली तेव्हा ओबेंग दारातच उभा होता.

"पत्र मागे घेतो, आंटी," तो पुटपुटला.

सेर्वाने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला.

"पत्राचं नंतर बघू. आधी फळ्यावरचं ते शून्य पूस. ह्या सगळ्यांदेखत."