धुक्यातली पुढची सायकल

आमच्या घरात अदृश्य शक्तींचं खातं बायकोकडे आहे. मुलीची ड्रायव्हिंग टेस्ट असो की माझं प्रमोशन हुकणं असो, वृंदा मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते, आणि स्मोक अलार्म वाजला की खुर्चीवर चढून तो बंद करणं हे माझं खातं. गेली वीस-बावीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये हाच कारभार चालू आहे. तेव्हा मी तुम्हाला असलं काही सांगायला बसलोय यावर सगळ्यात जास्त मीच हसलो असतो... गेल्या एप्रिलपर्यंत.

माझा साडू श्रीकांत वॉटफर्डला असतो. वृंदाच्या धाकट्या बहिणीचा, मेधाचा नवरा. माणूस सडपातळ, उत्साही आणि सायकलचा भयंकर वेडा. त्याला लहानपणापासून डायबेटिस आहे, इन्शुलिन घेतो, पण त्याबद्दल कधी रडगाणं नाही. मी याच्या बरोबर उलट. आजार काही नाही आणि रडगाणं भरपूर. पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी पोटाकडे बघून नुसती भुवई उचलली, म्हणून मी सायकल घेतली. श्रीकांतने लगेच टूर ठरवली. नॉटिंगहॅम ते लिंकनशरचा समुद्र, दोन दिवस. ‘मिलिंदराव, एवढ्याशा अंतरात पाच प्रकारचं इंग्लंड बघाल!’

खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी बीव्हरच्या खोऱ्यातले दुतर्फा झुडपांची कुंपणं असलेले रस्ते, पिवळीधमक मोहरीची शेतं, मग ग्रँथमच्या बाजूच्या टेकड्या. चढावर मी सायकल हातात धरून चाललो आणि एका आजोबांनी कुत्र्याला फिरवता फिरवता मला ओव्हरटेक केलं. रात्री बी-अँड-बीमध्ये वृंदाने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तर मालकीणबाईंनी वास घेऊन खिडकी उघडली आणि मग हळूच स्वतःही एक दशमी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी फेन्स लागले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, ही पूर्वीची दलदल, पाणी काढून शेती केलेली. जमीन तव्यासारखी सपाट. रस्ता फूटपट्टीने आखलेला, आणि त्याला लागून पाणी समुद्राकडे नेणारा खोल, सरळ कालवा. झाड नाही, वळण नाही, आडोसा नाही. समुद्रावरून येणारा वारा सरळ छातीवर.

अशा वाऱ्यात सायकलवाल्यांची एक पद्धत असते. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवायचं. मागच्याला निम्मे कष्ट. पुढचा दमला की तो कोपर बाहेर काढून झटकतो. म्हणजे, ‘आता तू ये.’ मग मागच्याने पुढे व्हायचं. यात बोलणं नाही, वाद नाही. सगळा विश्वासाचा मामला.

सकाळी मी एकदाच पुढे गेलो होतो. दहा मिनिटांत माझा जीव कासावीस झाला. चहाला थांबलो तेव्हा मी मोठ्या मनाने म्हणालो, ‘श्रीकांतराव, तुमची ती हँडलवरची बॅग वारा अडवते. द्या माझ्याकडे. मी वजन घेतो, तुम्ही वारा घ्या.’

‘वा! साडू असावा तर असा,’ तो हसून म्हणाला आणि बॅग काढून माझ्या हँडलला लावून दिली.

त्या बॅगेत त्याचा फोन होता. आणि रक्तातली साखर एकदम उतरली तर खायच्या ग्लुकोजच्या गोळ्या. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दोघंही म्हणालो, एकत्रच तर आहोत.

बॉस्टनच्या (इथल्या, अमेरिकेतल्या नव्हे) पुढे धुकं आलं. समुद्रावरून सरकत येतं ते, थंडगार, ओलं. दुपारी बाराच्या उजेडात आजूबाजूची शेतं पुसली गेली. मला दिसत होता फक्त श्रीकांतचं पिवळं जॅकेट, काळा मडगार्ड आणि लुकलुकणारा लाल दिवा. तरी माझं बरं चाललं होतं. त्याच्या पाठीमागे वारा लागतच नव्हता! मी चक्क एक जुनं भावगीत गुणगुणत होतो.

त्याने कोपर झटकलं.

मी खाली चेनकडे बघितलं. चेनमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने परत झटकलं. या वेळी जरा जोरात. मी मनात म्हटलं, अजून थोडं ओढेल, तरुण आहे. (माझ्यापेक्षा चार वर्षांनी.) मान खाली घातली, नजर फक्त त्याच्या चाकावर ठेवली. दिसलंच नाही तर जबाबदारी कसली?

मग बराच वेळ तसाच गेला. धुकं आणखी दाट झालं. एरवी श्रीकांतची अखंड कॉमेंटरी चालू असते, हे बगळे बघा, ते पंपिंग स्टेशन बघा. आता आवाज नव्हता. मला वाटलं रागावलाय. रागावू दे म्हटलं, समुद्रावर फिश अँड चिप्स माझ्याकडून.

मग पुन्हा कोपर हललं. मी पुन्हा खाली बघितलं. वर बघितलं तर ते कोपर अजून तसंच बाहेर. झटकणं नाही, काही नाही. नुसतं बाहेर काढून धरलेलं. वळून बघणं नाही, हाक नाही. ते तसं किती वेळ होतं कोण जाणे, पण मला एकदम स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी ‘आलो, आलो हो!’ असं ओरडलो, उजवीकडे सायकल काढली आणि जोर लावून पुढे गेलो.

वारा असा आदळला की हँडल वाकडं झालं. मी डावीकडे बघितलं, ‘सॉरी’ म्हणायला.

तिथे कोणी नव्हतं.

मी ब्रेक मारले. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. पहिला विचार आला, हा कालव्यात पडला! काठावर ओणवा होऊन हाका मारल्या. पाणी शांत, एक बदकसुद्धा हललेलं नव्हतं. मग माझी नजर माझ्याच हँडलवरच्या बॅगेवर गेली. सायकल वळवली. आता वारा पाठीत होता, तरी आयुष्यात चालवली नाही तशी चालवली.

तो खूप मागे सापडला. एका छोट्या पुलाशी, गवतावर बसलेला, सायकल शेजारी आडवी. चेहरा पांढरा, घामाने डबडबलेला. मला बघून काहीतरी इंग्रजी-मराठी बरळला आणि मी गोळ्या तोंडाशी नेल्या तर हात झटकून टाकला. लहान मुलाला भरवावं तसं भरवलं. ‘खा रे बाबा, खा. शिव्या नंतर दे.’ त्याला आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं, ते मला कळलंही नाही. एक, दोन, मग आणखी. मग बॅगेतलाच ज्यूसचा डबा. मी त्याला माझं जॅकेट घालून घट्ट धरून बसलो होतो. हळूहळू डोळ्यांत ओळख आली.

‘गेलात कुठे हो तुम्ही?’ तो म्हणाला. ‘मी इथे बाजूला घेतली... हाक मारली. तुम्ही खाली मान घालून सरळ पुढे. मी दोनदा कोपर हलवलं होतं त्याच्या आधी.’

‘धुकं होतं ना,’ मी म्हणालो. ‘दिसलं नाही.’

त्या रात्री मेधाचा फोन आला. रडत होती. ‘भाऊजी, तुम्ही होतात म्हणून! दुसरा कोणी असता तर त्याने समुद्रापर्यंत पोचल्यावर मागे बघितलं असतं.’ मी म्हणालो, ‘अगं, त्यात काय एवढं.’ पुढच्या आठवड्यात तिने श्रीखंडाचा डबा घेऊन नॉटिंगहॅम गाठलं. वृंदाने माझी दृष्ट काढली. अलार्म वाजला. मी खुर्चीवर चढलो, पण खाली उतरावंसं वाटेना.

कार्डिफला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या सईला मी सगळं सांगितलं, कोपराचा भाग गाळून. ती म्हणाली, ‘बाबा, तू टायर्ड होतास. ब्रेन असं करतो, सिंपल.’ मलाही पटलं. मग तिने माझ्या सायकलच्या कॉम्प्युटरवरचा रेकॉर्ड उघडला. पूल ओलांडल्यावरही माझा वेग तसूभर कमी झालेला नव्हता. श्रीकांतच्या मागे होता तोच, समोरून तसला वारा असताना. आणि मी सायकल उजवीकडे बाहेर काढली तिथे रेघ धाडकन खाली.

सईने ती रेघ बोटाने पुन्हा मागे सरकवली. ‘हा स्पीड तुझा नाहीये, बाबा,’ ती म्हणाली. नेहमीसारखी हसली नाही.

गेल्या महिन्यात वॉटफर्डला गेलो होतो. बायका दुकानात गेल्या होत्या, श्रीकांत चहा करत होता. मी ठरवूनच गेलो होतो. सगळं सांगितलं. धुकं, लाल दिवा, पाठीमागचा आडोसा, बाहेर काढून धरलेलं ते कोपर, मग रिकामा रस्ता, सईचा रेकॉर्ड. सांगताना माझ्याच हातावर काटा आला. ‘कोण असेल हो?’ मी विचारलं. ‘तुम्ही तर मागे पुलाशी होतात. मग मी कोणाच्या मागे चालवत होतो?’

श्रीकांतने गॅस बंद केला. चहा गाळला. माझा कप माझ्यासमोर ठेवला. त्या पुढच्या सायकलबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही.

‘म्हणजे,’ तो म्हणाला, ‘मी कोपर हलवलेलं तुम्हाला दिसलं होतं.’

धुक्यात माझ्या पुढे कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा. श्रीकांतला हवं होतं ते उत्तर मात्र माझ्याकडे होतं.

‘हो,’ मी म्हणालो.