चीकमावशी

चीकमावशीच्या बोटांना ठसे नव्हते. कच्च्या पपईचा चीक काढून काढून दहाही बोटांची कातडी झिजून गुळगुळीत झाली होती. पार्से गावातल्या माझ्या बागेत ती ऊन चढण्याआधी यायची, हिरव्या फळावर स्टीलच्या पातीने चार उभ्या रेघा ओढायची आणि दुधासारखा ओघळणारा चीक खाली ताटात धरायची. तो सुकवून त्याची पूड मी एका औषध कंपनीला विकत असे. मी रबरी हातमोजे आणून दिले, तर तिने ते कुंपणाच्या खुंटावर अडकवले. “ह्ये घालून फळ कसा कळतला, शेट?”

त्या पुडीचं पुढे काय होतं, हे कंपनीच्या माणसाने तिला एकदा सांगितलं. ज्यांना अन्न पचत नाही, त्यांच्या गोळ्यांत ती जाते. तेव्हापासून तो आला की मावशी आधी विचारायची, “पचता मा त्यांका?” जणू ते आजारी तिच्याच पंगतीला जेवत होते. तो हसून “पचतं, मावशी” म्हणाला की मगच ती कामाला लागायची.

पूड पारखायची तिची स्वतःची रीत होती. चिमूटभर पूड पाण्यात कालवून मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची आणि चुरचुरते का, ते बघत बसायची. “जित्तो चीक चावता. मेल्लो चावणा नाय.” कंपनीचा माणूस तीच परीक्षा दुधावर करी, पूड घातल्यावर दूध किती लवकर गोठतं ते पाही. दोघांचा निकाल कधी वेगळा आला नाही.

मी हळर्णहून डोक्यावर काजूबियांची पोती वाहून वर आलेला माणूस. देवाकडेही घासाघीस केल्याशिवाय काही मागितलं नाही, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्या पावसाळ्यात चीक सुकेना, माल द्यायचा दिवस तर येऊन ठेपलेला, म्हणून मी भट्टीची आच वाढवली. कंपनीचा माणूस दूध ओतत होता, एवढ्यात मावशी पुढे आली. “ह्यो घेव नकात. आगीन मेल्लो आसा.”

चारचौघांत! दूधही तसंच पातळ राहिलं. माल पडून राहिला, कंपनीचं गिऱ्हाईकही तुटलं. “परत बागेत पाऊल टाकू नकोस!” मी ओरडलो. तिने पाती धुतली, पुसून फळीवर ठेवली आणि निघून गेली.

माझं म्हणणं एवढंच होतं की बाजूला घेऊन सांगायचं. दोन वर्षं मी तेच धरून बसलो. शेवटी तिच्या सुनेबरोबर निरोप धाडला, चुकलं म्हण आणि ये. उत्तर आलं, “चीक मेल्लोच व्हतो. ता सोडून शेट सांगतले ता सगळा आयकान.” जन्मभर मी मधल्या भावावर सौदे मिटवले, ही बाई तसूभर खाली येईना. मग मीही आलो नाही.

गेल्या शिमग्याच्या आधी ती गेली. तिच्या घरच्यांना भेटायला गेलो, तर ओसरीवर बसल्याबसल्या माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. “मला एकट्याला सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?”

सून खाली बघूनच बोलली. “सांगितलेला, शेट. त्याच सकाळी, दोनदा. तुमी फोनवर व्हतात. हातान ‘जा’ म्हटलात.”

फोन आठवला. पलीकडच्याशी मी मालाच्या भावावरून हमरीतुमरीवर आलो होतो. पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलं, गेलं, परत आलं. दोन्ही वेळा मी हात झटकला. मान वळवून पाहिलंही नाही.