‘येतो’ म्हण रे

परवा मुलीकडे टीव्हीवर एक तमिळ सिनेमा लागला होता. दोन माणसं, चेहरा एकच. त्यातला एक पोलीस, तो दुसऱ्याचं सोंग घेऊन टोळीत शिरतो. जावई म्हणाले, "बाबा, रिअल लाइफमध्ये असं होतं का?" मी हो म्हणालो आणि उठून बाहेर जाऊन बसलो. तसली एक घटना माझ्या नोकरीत घडली आहे आणि निवृत्तीनंतरही ती मला सोडत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागा भागात अंमली पदार्थांच्या पथकात सार्जंट होतो. बनावट गोळ्यांनी माणसं पटापट मरत होती. आम्ही गोळ्या पोचवणारी पोरं पकडायचो, माल कुठून येतो ते काही सापडायचं नाही. ऐन हिवाळ्यात एका घरमालकाचा फोन आला. त्याच्या बेसमेंटमधला एक स्टुडंट दार उघडत नव्हता आणि आदल्या आठवड्यात कुणी अनोळखी माणूस त्याला बॅग देऊन गेला होता. आम्ही दार तोडलं. नागपूरकडचा एक मुलगा वॉशरूमजवळ बेशुद्ध पडला होता. शेजारी गोळ्यांची बॅग होती.

कामावर गेलेल्या त्याच्या रूममेटला ठाण्यात आणलं. इंग्रजीत तो एक अक्षर बोलेना. मी मराठीत विचारल्यावर हुंदके देत बोलायला लागला.

"सर, त्याला जॉब लेटर देतो म्हणाले होते. पीआरसाठी, इथे कायमचं राहता यावं म्हणून. नुसत्या बॅगा पोचव म्हणाले. पेनकिलर आहेत म्हणे."

"मग हा बेशुद्ध कसा पडला?"

"वेअरहाऊसमध्ये बॉक्स उचलून पाठ दुखत होती. त्यातलीच एक घेतली त्याने."

असला भाबडेपणा मी नोकरीत खूप पाहिला. तो गुन्हेगारात कमी आणि घरापासून लांब आलेल्या पोरांत जास्त असतो. रूममेटकडून एवढं कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ही बॅग एका प्लाझामागच्या गोडाऊनमध्ये पोचवायची होती. मुलगा टोळीत नवा होता. ते त्याला चेहऱ्यानेच ओळखत होते आणि बॅगेशिवाय कुणाला आत घेत नव्हते.

हॉस्पिटलमध्ये माझ्यासोबत आमचा एक तरुण कॉन्स्टेबल होता. इथेच जन्मलेला, आई-वडील पुण्याचे. नर्सने त्याला पाहिलं आणि विचारलं, तुम्ही पेशंटचे भाऊ का? मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नाक, भुवया, हनुवटी, सगळं तेच.  इन्स्पेक्टरसाहेबांना त्यात वाट सापडली, मुलाच्या जागी हाच बॅग घेऊन जाईल. कॉन्स्टेबल स्वतःहून तयार झाला.

त्याला मुलाचं जॅकेट, टोपी आणि फोन दिला. टोळी त्याच नंबरवर फोन करणार होती, म्हणून फोन चालू ठेवणं भाग होतं. मी त्याला नागपुरी वळण शिकवायला बसलो. तो म्हणाला, "सर, 'करून राहिलो' मीन्स आय ॲम स्टेइंग?" आम्ही दोघंही हसलो. त्या केसमधलं तेवढंच हसणं. आवाज वेगळा होता, त्यावर घसा बसलाय म्हणून सांगायचं ठरलं. डॉक्टरांना मुलाची फारशी आशा नव्हती. त्याच्या घरी कळवायचं काम माझ्याकडे होतं, पण इन्स्पेक्टरसाहेबांचा हुकूम होता की आधी गोडाऊन, मग फोन.

सकाळी तो बॅग घेऊन गोडाऊनमध्ये गेला, आम्ही बाहेर गाडीत बसून ऐकत होतो. कॉन्स्टेबलच्या अंगावर माइक होता. आतल्या दोघांना आवाजाचा संशय आलाच. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई फक्त रविवारी फोन करते, असं रूममेट म्हणाला होता. पण आदल्या दिवशी मुलाने तिच्या मेसेजला उत्तर दिलं नव्हतं, म्हणून तिने मधल्या वारीच व्हिडिओ कॉल लावला. आमची सकाळ म्हणजे तिकडची दिवेलागण.

आतला माणूस हिंदीत म्हणाला, "फोन उठा. हमारे सामने बात कर."

"काऊन रे, मेसेजले उत्तर नाही देऊन राहिला कालपासून?"

"काम होतं आई."

"आवाज काऊन असा?"

"थंडी आहे. घसा बसला."

"जेवला का?"

"हो. आई, मी कामावर आहे. जातो."

गाडीत मी डोळे मिटून घेतले. घरून निघताना, फोन ठेवताना 'येतो' म्हणायचं, हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. पण इंग्रजीत विचार करणारा पोरगा, त्यात दोन माणसं मानेपाशी उभी.  तिने 'तू कोण' म्हणायचा अवकाश, तो तिथेच संपला असता. मग तिचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"जातो नाही म्हणत. 'येतो' म्हण रे."

"येतो आई."

"हो, ये. कामाच्या टायमाले फोन नको उचलत जाऊ."

आतले दोघे हसले. आई खरी, तर मुलगाही खरा. त्यांनी बॅग घेतली, मागचं शटर उघडलं. सगळा साठा तिथेच होता. आम्ही आत शिरलो आणि कॉन्स्टेबल सुखरूप बाहेर आला.

दुपार व्हायच्या आत हॉस्पिटलमधून कळलं, मुलगा गेला. मी त्याच्या आईला फोन लावला. मी कोण ते सांगितलं, तशी तीच म्हणाली, "साहेब, संध्याकाळचा तो माझा नव्हता ना?"

"तुम्हाला कसं कळलं, ताई?"

"चेहरा तोच होता जी. पण माझा 'जातो' म्हणत नाही. लहानपणी एकदा म्हटलं, तं दारातून वापस बोलावलं होतं मी त्याले."

"मग बोलत कशा राहिलात?"

"त्याच्या मागं माणसं उभी होती. पोरगं भेलं होतं. कोण्या तरी मायचंच लेकरू ना ते." मग म्हणाली, "आता माझा कुठं हाय ते सांगा."

मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "एअरपोर्टवर तं 'येतो' म्हणून गेला होता, साहेब."

मी तिला हॉस्पिटलचा नंबर दोनदा वाचून दाखवला. 

आमचं कौतुक झालं. कॉन्स्टेबलला प्रशस्तिपत्र मिळालं. बर्फ वितळायच्या आत त्याच भागात त्याच गोळ्या पुन्हा विकायला आल्या, वेगळ्या माणसांकडून. केसने काय शिकवलं असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, काही नाही. पोलीस माणूस वाचवतो तेव्हा दुसरा कुणीतरी आधीच गेलेला असतो, एवढंच पाहिलं.

कॉन्स्टेबल अधूनमधून माझ्याकडे चहाला येतो. निघताना तो 'जातो' म्हणत नाही आणि 'येतो'ही म्हणत नाही. बूट घालतो, मान हलवतो आणि दार ओढून घेतो. मीही त्याला काही म्हणायला लावत नाही.