दुफिएच्या घरचं पाणी

अडोमा नगरपालिकेची वकील झाली, त्या दिवशी बाजारातल्या बायांनी तिला नाचत मिरवलं होतं. ती त्यांचीच पोर. आई टोमॅटो विकता विकता गेली आणि मागे उरलेल्या पोरीला दुफिएने पोटाशी धरलं. दुफिए म्हणजे टोमॅटोवाल्यांची राणी. भाव तिने ठरवायचा, भांडणं तिने मिटवायची, कुणाकडे मयत झालं तर पहिली हाक तिची. तिच्या टोपल्यांच्या आडोशाला अडोमाचा अभ्यास झाला, तिच्या चुलीपाशी बसून कुटलेल्या कंदांचं फुफू खाल्लं.

नगरपालिकेत अडोमाने हाडं झिजवली. बायांच्या टोपल्या उचलून नेणाऱ्या शिपायांना कोर्टात उभं केलं, नाल्याकाठची वस्ती उठू दिली नाही. मग जुना बाजार पाडून नवा बांधायचं ठरलं आणि बाया जागच्या हलेनात.

"आम्ही उठलो, तर परत बसवणार कोण गं?" दुफिएने विचारलं.

"मी बसवीन, आई."

ऑफिसातला कारकून म्हणाला, "बाई, हे लिहून ठरावात घ्या."

"आईपुढे कागद ठेवू? लेकीचा भरवसा उडाला म्हणेल ती."

मग रीतीप्रमाणे झालं. नगरपालिकेच्या वतीने अडोमाने बाटली आणली, जाणती माणसं बसली, पूर्वजांसाठी चार थेंब भुईवर सांडले आणि उरलेली दारू सगळ्यांनी घोट घोट घेतली. अडोमा चर्चला जाणारी. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि प्याला ओठांना लावला. असा घोट घेतल्यावर शब्द फिरत नाही. त्यानंतर कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. बायांनी हसत टोपल्या उचलल्या.

बांधकाम चाललं असतानाच अडोमाला राजधानी आक्राहून बोलावणं आलं. शहरांचा कारभार कसा चालावा, याचा सल्ला सरकारला द्यायचा होता. नव्या बाजारातले गाळे पुढारी आपल्या माणसांत वाटून घेतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने लिहिलं, ज्याच्याकडे लेखी हक्क, त्यालाच गाळा. ओळखीपाळखीवर कुणालाही नाही. सल्ला चांगला होता. आजही चांगलाच आहे. त्याचा नियम झाला, त्या रविवारी तिने चर्चमध्ये गुडघे टेकून देवाचे आभार मानले. दुफिएची आठवण तिला तेव्हा झाली नाही.

बाजार उघडला. दारातल्या साहेबाने बायांकडे कागद मागितले.

"कागद कसला, बाबा? घोट झालाय आमचा. वकीलबाईला विचार."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने नियमाचं पुस्तक पुढे केलं. मिरच्या विकणारी फ्रेमा थोडं शिकलेली. तिने पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"वाच की," दुफिए म्हणाली. "कुणी केलाय?"

"आपल्या अडोमानं."

बातमी कळताच अडोमाने उंबरठे झिजवले. मंत्री हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या माणसांसाठी नियम एकदा मोडला की सगळेच मोडतील. हे तुम्हीच लिहिलंय ना?" तिने लिहिलं होतं, अगदी याच शब्दांत.

मग ती दुफिएच्या घरी गेली. रस्त्याकडेला विकायचे टोमॅटो निवडत दुफिए अंगणात बसली होती. अडोमा सवयीने चुलीकडे वळली, तोच फ्रेमाने खुर्ची आडवी ठेवली. पाहुण्यांची खुर्ची. पाठोपाठ पाहुण्यांच्या पेल्यातून पाणी आलं.

अडोमा ते प्याली.

दुफिएने मान वर केली ती फ्रेमाकडे. राणी परक्याशी थेट बोलत नाही, मध्ये माणूस लागतो. "पाहुणीला सांग, इथे आमचं बरं आहे. तिचं येणं कशासाठी झालं?"

फ्रेमाचा आवाज चिरकला. "राणीआई म्हणतात, इथे आमचं बरं आहे. तुमचं येणं कशासाठी झालं?"

"आई, मी आहे गं."

दुफिएने मऊ पडलेला टोमॅटो बाजूला काढला. "फ्रेमा, तिला रीत ठाऊक नाही का?"

रीत ठाऊक होती. इतकी वर्षं कोर्टात बोललेली बाई फ्रेमाकडे वळली. देवाने जीभ उचलण्यापुरतं बळ दिलं. "राणीआईंना सांग, लेक आली होती. तिची चूक झाली."

हातभर अंतरावरून आलेलं वाक्य फ्रेमाने रडत रडत पुन्हा सांगितलं.

बराच वेळ टोमॅटो एका टोपलीतून दुसरीत पडत राहिले.

"तिला सांग, ऐकलं," दुफिए म्हणाली. "आणि उन्हाआधी निघ म्हणावं. पाहुण्यांना वाट लांबची असते."